चिखलात बांधलेला इतिहास

ठाण्याचा इतिहास सांगायला दगड पुरेसे आहेत. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि आज मध्यवर्ती कारागृह म्हणून ओळखला जाणारा किल्ला, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० मध्ये जीर्णोद्धार केलेले कौपिनेश्वराचे देऊळ, सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, १८७९ चे बेने इस्रायलींचे प्रार्थनास्थळ, १८९३ मध्ये निघालेले मराठी ग्रंथसंग्रहालय ही नावे घेतली की शहराचा बराचसा भूतकाळ डोळ्यांपुढे उभा राहतो. पारसिकचा डोंगर ओलांडून रेल्वेने आठ-नऊ किलोमीटर पुढे दिव्याला उतरले की असे काहीच हाती लागत नाही. किल्ला नाही, वाडा नाही, घाटदार तलाव आणि त्याच्या काठी नगारखाना नाही. त्यामुळे दिव्याला इतिहास नाही, जो आहे तो रेल्वेचा आणि चाळींचा, असा निष्कर्ष सहज काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांनी बांधकाम भरपूर केले, पण ते मातीचे, चिखलाचे आणि लाकडाचे होते आणि दरवर्षी नव्याने करावे लागत होते. बंदर, बांध, उघाडी आणि गावठाण या चार गोष्टी म्हणजे या गावांच्या ऐतिहासिक वास्तू. त्या वारशाच्या यादीत बसत नाहीत हा दोष यादीचा आहे, गावाचा नाही.

आधी जिथे दगडही आहेत आणि कोळीवाडाही आहे, त्या ठाण्याकडेच पाहू. चेंदणी कोळीवाडा हा ठाण्याच्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोहोचली आणि या रेल्वेने कोळीवाड्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. देऊळ, घरे, सार्वजनिक उत्सव हे सारे दोन्ही बाजूंना टिकले. मात्र ज्याच्यासाठी वस्ती तिथे वसली होती ते बंदर सर्वांत आधी विस्मरणात गेले. आज चेंदणी बंदर रोड हा पत्ता ठाणेकराला ठाऊक असतो तो विद्या प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयांमुळे. पूर्वेला मीठबंदर रोड आहे, पण तिथून मिठाची गलबते भरून जात असत हे सांगावे लागते. होड्या ओढून ठेवायची उतरण, जाळी पसरायची आणि मासळी वाळवायची मोकळी जागा, भरतीची वाट पाहत माल रचून ठेवायचा धक्का या जागा म्हणजे कोळीवाड्याचा खरा चौक. त्यांना भिंती नव्हत्या, म्हणून त्या मोकळ्या दिसल्या; आणि मोकळ्या दिसल्या म्हणून रस्ता, भराव किंवा इमारत यांसाठी सोयीच्या ठरल्या. शहराच्या मध्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर असलेल्या कोळीवाड्याचे हे झाले, तर डोंगरापलीकडच्या खेड्यांचे काय झाले असेल याचा अंदाज बांधता येतो.

दिव्याची जागा नकाशावर नीट पाहिली तर गावांची मांडणी किती विचारपूर्वक आहे ते कळते. दक्षिण-पश्चिमेला पारसिकचा आणि मुंब्रादेवीचा डोंगर, उत्तरेला उल्हास नदीची खाडी. मुंब्र्यापाशी डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जेमतेम चिंचोळी पट्टी उरते. दिव्याला आल्यावर डोंगर मागे सरतो आणि जमीन उघडी होते. या उघड्या जमिनीवर दिवा, साबे, दातिवली, आगासन, बेतवडे, म्हातर्डी ही गावे वसली. खाडीच्या पाण्याला लागून कांदळवन, त्याच्या आत मातीचा बांध, बांधाच्या आत खारी भातशेती, त्याहून चार हात उंचावर गावठाण आणि गावाच्या पाठीशी गोड्या पाण्याची जमीन व डोंगर अशी खाडीकाठची सर्वसाधारण रचना असते. उधाणाचे पाणी कुठवर येते हे पिढ्यान् पिढ्या पाहून ठरवलेली ही उतरंड आहे. घर कुठे बांधायचे, भात कुठे पेरायचे, होडी कुठे लावायची याचा निर्णय पाण्याच्या पातळीवर झालेला होता. नगररचना म्हणतात ती यापेक्षा वेगळी नसते. फक्त ती कोणी कागदावर काढली नव्हती.

या रचनेतली सर्वांत मोठी वास्तू म्हणजे बांध. खाडीतला घट्ट, चिकट चिखल काढून तो थरावर थर देत रचायचा, पाण्याकडच्या अंगाला दगड लावायचा आणि लाटेचा मार थेट बसू नये म्हणून पुढची तिवरे राखायची, ही त्याची ढोबळ पद्धत. बाहेरच्या बांधाला रायगडाकडे बाहेरकाठा म्हणतात. त्यात ठरावीक ठिकाणी उघाडी असते. लाकडी झडपेची ही साधी योजना ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीला पाण्याच्याच दाबाने मिटून खारे पाणी अडवते. नवी जमीन बांधात घेतली की लगेच पिकत नाही. काही पावसाळे तिच्यावरून जावे लागतात, मीठ धुऊन जावे लागते, आधी गवत येते आणि मग खाऱ्याला सोसणारे राता भात येते. गोड्या जमिनीत चालणारी लावणीची पद्धत इथे बहुतेक ठिकाणी चालत नाही; मोड आणलेले बी रहू पद्धतीने फेकून पेरतात. बांधाला उंदराने किंवा खेकड्याने भोक पाडले आणि ते वेळीच बुजवले नाही, तर एका उधाणात खांड पडते. मग आत शिरलेले खारे पाणी त्या हंगामाबरोबर पुढच्या हंगामांचेही पीक घेऊन जाते. म्हणून बांध एकदा बांधून संपत नाही. एखादे देऊळ दोनशे वर्षे उभे आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते दोनशे वर्षांपूर्वी बांधले गेले एवढेच सांगत असतो. एखादा बांध दोनशे वर्षे उभा असेल तर तो दोनशे वेळा बांधला गेलेला असतो.

इतके श्रम करणाऱ्यांना त्याचे फळ मिळाले का, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. उत्तर कोकणच्या खाडीकाठी, विशेषतः अलिबाग-पेण भागात, शिलोत्री ही पद्धत होती. समुद्रातून जमीन काढण्यासाठी भांडवल लावणारा शिलोत्रीदार कुळाकडून सरकारी साऱ्याव्यतिरिक्त भाताचा वाटा घेई आणि त्याबदल्यात बाहेरचा बांध दुरुस्त ठेवणे ही त्याची जबाबदारी असे. वाटा वसूल होत राहिला. जबाबदारी मात्र पुष्कळदा कुळांच्याच अंगावर आली. बांधाला खांड गेली की घरटी माणूस कामावर उतरवण्याची जोळ पद्धत याच भागात रूढ होती. याच भागातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप केला, तो अशाच खाडीकाठच्या आगरी कुळांचा संप होता. सरकारने १९४८ मध्ये मुंबई खारजमीन कायदा केला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला. एखाद्या बांधकामासाठी राज्याला दोनदा स्वतंत्र कायदा करावा लागतो, त्यासाठी मंडळ नेमावे लागते आणि पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र चालवावे लागते, तेव्हा ते बांधकाम गौण होते असे म्हणता येत नाही.

शेतीला जोड मासळीची होती आणि मासळीचा धंदा खाडीच्या रस्त्यावर चालत होता. हा रस्ता फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर मराठी आरमाराची पायाभरणी याच खाडीत झाली. समुद्राकडून कल्याणला जाणारी गलबते ज्या पाण्यातून जात, त्याच पाण्याच्या काठी ही गावे आहेत. काठावरच्या लोकांची मासेमारी खोल समुद्रातल्या कोळ्यांसारखी नव्हती. भरती-ओहोटीच्या वाटेवर खुंट ठोकून लावलेली जाळी, उथळ पाण्यात टाकायचा पाग, चिखलात हाताने पकडायची निवटी आणि चिंबोरी, बोय, कोळंबी, शिंगटी आणि नशीब असेल तर जिताडा असा हा धंदा होता. उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, यांच्या हिशेबाने महिन्याचे दिवस वाटले जात. पकडणे पुरुषांचे, तर विकणे बायकांचे. भाव ठरवणे, उधारी सांभाळणे आणि कुठल्या बाजाराला कधी जायचे याचा निर्णय पाटी उचलणाऱ्या बाईकडे असे. पुढे हीच पाटी लोकलच्या मालडब्यात चढली आणि ठाणे-कल्याणच्या बाजारांत उतरू लागली. मासळीचा धंदा बंदराकडून स्टेशनाकडे सरकला तसा गावाचा चौकही सरकला. दिव्यात रेल्वेचे फाटक ज्या ठिकाणी पूर्व-पश्चिम जोडत आले, तिथे बाजाराची गर्दी व्हावी यात नवल नाही. धंद्याला खोळंबलेली माणसे लागतात. पूर्वी ती भरतीसाठी खोळंबत, मग फाटक उघडण्यासाठी खोळंबू लागली.

इथे पहिला आक्षेप येतो. दिवा घडवले ते रेल्वेने; रेल्वे नसती तर हे नाव कोणी घेतले नसते, असे म्हणतात. तारखा लावून पाहिल्या की हे म्हणणे टिकत नाही. ठाणे-कल्याण मार्ग १ मे १८५४ रोजी सुरू झाला. मुंब्र्याचा वळसा टाळणारा, सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिकचा बोगदा १९१६ मध्ये झाला. पनवेलचा फाटा फुटला तो १९६४ मध्ये, आणि कोपरजवळून खाडी ओलांडून भिवंडीमार्गे वसईला जाणारा मार्ग ऐंशीच्या दशकात. जलद लोकल दिव्याला थांबायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. म्हणजे रूळ पडल्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ गाड्या दिव्यावरून जात होत्या आणि काठावरची गावे भातावर आणि खाडीवर जगत होती. रेल्वेनेच सारे घडवायचे असते तर ते १८५४ नंतर घडायला हवे होते. घडले ते मुंबई-ठाण्यात घर घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्यावर आणि इकडे खारी जमीन कसणे परवडेनासे झाल्यावर. शिवाय फाटे इथेच का फुटले, याचे उत्तरही गावांच्या मांडणीतच आहे. डोंगर मागे सरून जमीन जिथे मोकळी होते, तिथे गावे वसली आणि त्याच कारणाने रुळांनाही तिथे वळायला जागा मिळाली. इंजिनिअरांनी जी जमीन पसंत केली ती गावकऱ्यांनी आधीच पारखलेली होती.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. बखर नाही, शिलालेख नाही, मग हा इतिहास कशाच्या आधारे सांगायचा? आधार आहे, पण तो पराक्रमाच्या कागदांत नसून महसुलाच्या कागदांत आहे. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्यावरचा तेरावा खंड १८८२ मध्ये निघाला. त्यात जिल्ह्यातली मासळी, मीठ, खारी भातजमीन आणि ती कसणाऱ्या जाती यांची तपशीलवार नोंद आहे. ब्रिटिश मोजणीतले गावनकाशे आणि टिपणे भूमी अभिलेखात असतात. त्यांत बांधाच्या रेषा आणि खाडीचे फाटे यांचा माग काढता येतो. सातबारावर पोटखराब म्हणून लागलेले क्षेत्र, फेरफारात एका कुळाकडून दुसऱ्याकडे गेलेला तुकडा, गावठाणाची हद्द यांतून एखाद्या गावाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा आलेख काढता येतो. राजाने दान दिले की ताम्रपट होतो. कुळाने बांध घातला की साऱ्यात वाढ होते. दोन्ही नोंदीच आहेत. पहिल्या नोंदीला आपण इतिहास म्हणतो आणि दुसरीला दप्तर, आणि मग खाडीकाठच्या गावांकडे कागद नाहीत अशी तक्रार करतो.

तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. हे सारे गावकऱ्यांच्या बाजूने रंगवलेले चित्र आहे; खाडी बिघडवण्यात गावकऱ्यांचा हात नव्हता का? होता. रेतीच्या धंद्याकडे पाहिले की हे मान्य करावे लागते. उल्हासच्या खाडीतली रेती मुंबई आणि उपनगरांच्या बांधकामांत गेली. मुंब्रा, डोंबिवलीचे मोठागाव आणि कल्याण इथली रेतीबंदरे त्यासाठीच नावारूपाला आली. सुरुवातीची डुबी पद्धत अंगमेहनतीची होती: बुडी मारून तळाशी बादली भरायची आणि वर येऊन होडीत ओतायची. माणसाचा दम जितका, तितकीच रेती निघे. सक्शन पंप आल्यावर ही मर्यादा संपली. तळ खोल गेला, काठ ढासळू लागले, मासळीच्या जागा उद्ध्वस्त झाल्या. उच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज्यातल्या रेती उपशावर बंदी घातली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी सक्तीची केली, तरी चोरट्या उपशाच्या बातम्या थांबल्या नाहीत. या धंद्यात पैसा बाहेरच्यांनी लावला तसा काठावरच्यांनीही लावला. कांदळवनावर भराव टाकून उभ्या राहिलेल्या चाळींच्या जमिनीही आकाशातून विकल्या गेल्या नाहीत. पण या कबुलीने मूळ मुद्दा कमजोर होत नाही, उलट स्पष्ट होतो. बांधाच्या आत पिकणारे भात, जाळ्यात येणारी मासळी आणि तळाची रेती हे एकाच खाडीचे तीन धंदे होते. पहिले दोन टिकवायचे तर बांध आणि तिवर राखणे भाग होते. तिसऱ्याला ती गरज नव्हती. ज्या दिवशी खाडी राखण्यापेक्षा उपसणे फायद्याचे झाले, त्या दिवशी बांधाचा वाली गेला. लोक वाईट झाले असे म्हणण्यापेक्षा धंद्याचे गणित बदलले असे म्हणणे पुराव्याला धरून आहे.

शेवटचा आक्षेप आजच्या रहिवाशांकडून येऊ शकतो. दिव्यात आज राहणारे बहुसंख्य लोक कोकणातून, देशावरून, उत्तर भारतातून आलेले आहेत. जुन्या गावाच्या बांधांशी त्यांना काय देणेघेणे? देणेघेणे त्यांचेच सर्वांत जास्त आहे. कर्जतच्या घाटात आणि बदलापूरच्या वर कोसळणारा पाऊस उल्हासमधून याच खाडीत उतरतो. त्याच वेळी भरती असेल तर पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ते आडवे पसरते. २६ जुलै २००५ च्या पुराने कल्याणपासून मुंब्र्यापर्यंतचा काठ हे शिकला. २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात अडकली, तेव्हाही उल्हासच फुगलेली होती. जुन्या रचनेत हे पाणी थोपवायला आधी कांदळवन, मग बांध आणि त्यानंतर बुडाले तरी निभावणारे खारे शेत असे तीन टप्पे होते. घर सर्वांत शेवटी, उंचावर होते. आज घर पहिल्या टप्प्यावर आले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनतोडीवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये ती कायम केली, तेव्हा आधार पर्यावरणाचा होता. गावकऱ्यांनी हाच नियम भाताच्या आणि घराच्या हिशेबाने आधीपासून पाळला होता.

म्हणून दिव्याच्या वारशाचा प्रश्न जुन्या घरांना पाटी लावण्याने सुटणार नाही. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. तेव्हापासून आपल्याकडे वारसा म्हणजे दर्शनी भाग, कमान, कोरीव खांब असे समीकरण रूढ आहे. खाडीकाठच्या गावांसाठी वेगळी यादी हवी. जुन्या गावनकाशांवरून बांधांच्या रेषा, उघाड्यांच्या जागा, होड्यांच्या उतरणी, गावतलाव आणि मूळ गावठाणाची हद्द निश्चित करावी आणि त्या रेषा विकास आराखड्यावर उतरवाव्यात. हे काम आता निकडीचे आहे, कारण मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे ठाणे स्थानक म्हातर्डीला होते आहे आणि त्याच्यामागून रस्ते, भराव आणि इमारती येणारच. एखादी रेषा जपायची की पुसायची याचा निर्णय प्रत्येक ठिकाणी वेगळा असेल. सगळे बांध राखा असा हट्ट कोणी धरू नये. पण रेषा कुठे होती हे माहीत नसताना ती पुसली जाणे हा निर्णय नव्हे, निव्वळ अज्ञान आहे. महापालिकेकडे अभियंते आहेत, भूमी अभिलेखाकडे नकाशे आहेत आणि उघाडी कुठे होती हे सांगणारी माणसे गावठाणात आहेत. या तिघांना एका टेबलाशी बसवणे हे दिव्याच्या इतिहासलेखनाचे पहिले काम आहे आणि पूरनियोजनाचेही.